उंच कडेचे बूट

त्या दिवशी भगीरथ उघड्या फाटकातून आत शिरला, अंगण ओलांडून दारात येऊन उभा राहिला, तरी आत कुणाला कळलं नाही. दुपारचे साडेतीन वाजले असतील. पंचायत समितीतला एक जुना सहकारी वारला होता, शोकसभा झाली आणि ऑफिस लवकर सुटलं. शहापूरच्या बाजारातून तो चालत घरी आला होता, आणि वाटेत आपण कुठेही थांबलो नाही हे दारात आल्यावर त्याच्या लक्षात आलं. एवढं अंतर न थांबता चालल्याला सहा-सात वर्षं झाली असतील. हे बायकोला सांगावं म्हणून त्यानं आत पाहिलं, तर स्वयंपाकघरात एक म्हातारी बाई भिंतीला हात लावून चालत होती. तिचा उजवा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. तो ती बाजूनं फिरवून पुढे आणायची, टेकवायची, मग कमरेतून अंग उचलून डावा पाय टाकायची. हातात वाल पाखडायचं सूप होतं. सूप ओट्यावर ठेवताना एक डाव खाली पडला. तिनं ओट्याची कड धरली, उजवा पाय मागे लांब केला आणि डाव्या पायावर खाली गेली. डाव हाताला लागला, पण वर येता येईना. ती तशीच थांबली. कण्हली नाही, देवाचं नाव घेतलं नाही. ओट्याखालच्या काळोखात बघत थोडा वेळ राहिली आणि मग एका झटक्यात उठली. उठताना तोंड दाराकडे वळलं, तेव्हा भगीरथला कळलं की ही सावळी आहे, आपली बायको.

तिनं त्याला पाहिलं नव्हतं. आता हाक मारायला हवी होती, निदान आत जायला हवं होतं. पण तो मागे सरकला. बूट वाजले नाहीत. अंगण उलटं ओलांडून तो फाटकाशी गेला, फाटक ओढून घेतलं, कडी वाजवून पुन्हा उघडलं आणि खोकला. सावळी बाहेर आली. सरळ, पाठ ताठ, पदर खोचलेला. तिनं त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि विचारलं, आज लवकर कसे. शोकसभा होती, असं त्यानं सांगितलं. ती पाणी आणायला वळली. तिच्या पाठमोऱ्या चालण्याकडे त्यानं नीट पाहिलं. त्यात काहीही नव्हतं. इतकं काही नव्हतं की मघाशी पाहिलेली बाई दुसरीच कुणी असावी आणि ती मागच्या दारानं निघून गेली असावी, असं त्याला क्षणभर खरंच वाटलं.

बूट येऊन दीड महिना झाला होता. दिसायला साधे काळे बूट, कुठल्याही साहेबाच्या पायात असतात तसे. रंजितानं, त्याच्या मुलीनं, कल्याणहून येऊन त्याला शहापूरच्या हाडांच्या डॉक्टरकडे ओढतच नेलं होतं. डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो दिव्यावर लावला, आणि मग खाली वाकून त्याच्या जुन्या सँडल उचलून उलट्या केल्या. आपल्या सँडलचा तळ दुसऱ्यानं हातात घेऊन बघावा, याचा भगीरथला फार संकोच वाटला. टाचेची एक बाजू पार गेली होती, दुसरी नव्यासारखी होती. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याची आतली बाजू झिजली आहे, आणि चालताना सगळा भार पुन्हा तिथंच पडतो. बुटाच्या तळाची बाहेरची कड थोडी उंच करून घेऊ, म्हणजे भार थोडा बाहेर सरकेल. झिजलेलं भरून यायचं नाही, दुखणं कमी होईल. सगळ्यांना लागू पडतं असं नाही, पण तुम्हाला पडेल असं वाटतं. मग कल्याणला एका कारखान्यात त्यानं मऊ फेसासारखं काही भरलेल्या खोक्यात एकेक पाय दाबून माप दिलं. बूट आले तेव्हा पहिले आठ दिवस जमीन तिरपी झाल्यासारखी वाटायची. डोंगराच्या कुशीतून आडवं चालताना पाऊल पडतं तसं ते ऑफिसच्या फरशीवर पडायचं. मांड्या भरून यायच्या. आणि एका सकाळी जिना उतरून खाली आल्यावर त्याला आठवलं की आपण कठडा धरला नव्हता. दुखणं गेलं नव्हतं, मागच्या खोलीत जाऊन बसल्यासारखं झालं होतं. पूर्वी त्याचा एक पाय पडायचा आणि दुसरा फरशी घासत यायचा. त्या आवाजावर ऑफिसातले लोक मोबाइल खिशात घालत. आता तो टेबलाशी येऊन उभा राहिला की माणसं दचकत. याची त्याला थोडी गंमतही वाटत होती. घरीही तो आवाज कुणी ऐकत असेल, असं मात्र कधी मनात आलं नव्हतं.

त्या संध्याकाळी तो नेहमीसारखा खिडकीजवळच्या खाटेवर पडला. सावळीनं गरम मिठाची पुरचुंडी आणली, खाली बसून त्याच्या गुडघ्याला शेक दिला. बूट आल्यापासून शेकाची तशी गरज नव्हती, पण ती द्यायची आणि तो घ्यायचा. शेक झाल्यावर ती म्हणाली, तुमी पडा, मी बसते जरा. हे वाक्य ती रोज म्हणत असे. रोज तो डोळे मिटून पडायचा आणि ती खाटेच्या पायाशी बसून राहायची. एवढी वर्षं त्याला ती माया वाटत आली होती. आज डोळे मिटून पडल्यावर त्याला वाटलं, शेवटचं हिला जमिनीवरून उठताना आपण कधी पाहिलं? आठवेना. बसलेली सावळी आठवत होती, उभी असलेली आठवत होती. मधलं काहीच नव्हतं. तो झोपल्यासारखा श्वास घेऊ लागला. बऱ्याच वेळानं खाटेची फळी करकरली, कुणीतरी तिच्यावर भार दिला होता, आणि मग पावलं स्वयंपाकघराकडे गेली. मग एकेक गोष्ट फायलीतल्या कागदासारखी वर येऊ लागली. तांदळाचा डबा खालच्या फळीवरून वर गेला होता. जातं अंगणात पडलं होतं आणि त्यावर तुळशीची कुंडी होती. लग्नकार्याला ती येईनाशी झाली होती, तिथली गर्दी नको वाटते म्हणायची. संडासात बसायचं भांडं काढून खुर्चीसारखं बसवलं, ते त्याच्या गुडघ्यासाठी. गवंडी लावून ते काम तिनंच करून घेतलं होतं, नेटानं, तो नको म्हणत असताना. शेजारणीला ती सांगताना त्यानं ऐकलं होतं, यांना खाली बसवत नाय गो, काय करनार.

त्याचा गुडघा नोकरीत गेला होता. म्हणजे तो तसं सांगत असे. मुरबाड तालुक्यात टोकावड्याकडच्या वाड्यांवर तो अकरा वर्षं ग्रामसेवक होता आणि त्या काळात वाडीवर जायला पायांशिवाय काही नव्हतं. पुढे बढती मिळून शहापूरला विस्तार अधिकारी झाला, पण तो अकरा वर्षांचा डोंगर गुडघ्यात राहिला, असं म्हटलं की समोरचा माणूस मान हलवायचा. त्या वाड्यांतल्याच एकीवर, वैशाखऱ्याच्या वरच्या अंगाला, त्यानं सावळीला पहिल्यांदा पाहिलं. तो कुणाच्या तरी ओटीवर यादी लिहीत बसला होता आणि ती खालच्या झऱ्यावरून पाणी घेऊन चढत होती. डोक्यावर दोन हंडे, कमरेवर कळशी, आणि चढण असूनही मान सरळ, जणू तिच्या पायाखाली सपाट रस्ता होता. तिनंच आणून दिलेलं पाणी तो प्याला, आणि आणखी मागून प्याला. तहान नव्हती. लग्नाच्या पहिल्या वर्षी, टोकावड्याच्या भाड्याच्या खोलीत, त्यानं तिला सांगितलं होतं की मी तुला नाही, तुझ्या चालीला पसंत केलं. ती हसली होती. त्यानंतर तीस वर्षांत हा विषय पुन्हा निघाला नव्हता. तिच्या तो लक्षात आहे का, हे त्याला माहीत नव्हतं. लक्षात नसावा, असं त्याला त्या संध्याकाळी फार वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून तो फाटकाशी खोकू लागला. कडी वाजवायची, खोकायचं, चार पावलं सावकाश टाकायची, मग दारात यायचं. आत सावळी ताठ उभी असायची. हे आपण तिच्यासाठी करतो आहोत, असं तो पहिले काही दिवस समजत होता. बाईला आपली लाज झाकायला वेळ मिळावा, एवढंच. मग एकदा शासकीय पत्राचा मसुदा तपासता तपासता त्याला स्पष्ट दिसलं की तसं नाही. आपल्याला ठाऊक आहे असं सांगितलं तर काहीतरी करावं लागेल. आणि करण्याआधी विचारावं लागेल, कधीपासून. त्या प्रश्नाला उत्तर असणार, त्या उत्तरात एक साल असणार, आणि त्या सालापासून आजपर्यंतचा प्रत्येक दिवस आपण खाटेवर पडून काढलेला असणार. शिवाय आणखीही एक होतं, आणि ते त्याला कबूल करायला वेळ लागला. घरात त्याच्या गुडघ्याला एक जागा होती. पाहुणे आले की आधी गुडघ्याची चौकशी करत, मग त्याची. खिडकीजवळची खाट त्याची होती, पहिला चहा त्याचा होता. बुटांनी दुखणं कमी झालं तरी ती जागा कुणी काढून घेतली नव्हती, आणि त्यानंही सोडली नव्हती. एकदा त्यानं पेन मुद्दाम खाटेखाली टाकलं आणि सावळीला काढून द्यायला सांगितलं. ती म्हणाली, राहू दे, झाडताना काढते. थोड्या वेळानं तिनं केरसुणीचा दांडा आत घालून पेन बाहेर लोटलं आणि त्याच्या हातात दिलं. तेव्हा त्याला एखादा मुद्दा सिद्ध झाल्यासारखं समाधान झालं. ते समाधान पुढे बराच वेळ तोंडात जिभेखाली काहीतरी राहावं तसं राहिलं. थुंकता येईना.

फाल्गुन लागला तेव्हा सावळीच्या भावाचा, कमळूचा, फोन आला. त्यानं वाडीवर नवीन घर बांधलं होतं, येत्या रविवारी घरभरणी होती. गेली चार वर्षं तिकडून बोलावणं आलं की सावळी सांगायची, यांचा गुडघा डोंगर नाय चढत, यांना सोडून कशी येऊ. या वेळी कमळूनं फोन भगीरथलाच केला. रंजिताकडून त्याला बुटांचं कळलं होतं. दाजी आता मोकळे चालतात म्हणे, तर आता सबब नको, ताईला घेऊन या, असं तो म्हणाला. फोनचा आवाज मोठा होता, सावळी समोर भाकऱ्या थापत होती, तिला सगळं ऐकू जात होतं. भगीरथला सांगता आलं असतं की सुट्टी नाही. सावळीनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, फार नाही, भाकरी उलटण्याइतकाच वेळ. आणि तो म्हणाला, येतो. का म्हणाला, याचा विचार त्यानं नंतर पुष्कळ केला. त्याला त्या डोंगरावर चढायचं होतं. सासुरवाडीच्या माणसांसमोर, धापा न टाकता, काठी न घेता. बाकी त्या क्षणी डोक्यात काही नव्हतं.

रविवारी सकाळच्या एसटीनं ते किन्हवलीवरून सरळगावला आले आणि तिथून टोकावड्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले. सावळीनं खिडकीची जागा घेतली नाही, वाटेकडची घेतली, पाय लांब करून. हे आता त्याला दिसत होतं. पळस फुलले होते, भाताची शेतं रिकामी पडली होती, खुंट तेवढे उभे होते. वैशाखऱ्याला उतरून ते वाडीच्या वाटेला लागले तेव्हा ऊन अजून कोवळं होतं. पहिला टप्पा सपाट होता. नंतर वाट वर वळली आणि भगीरथ पुढे झाला. त्याला खूप बरं वाटत होतं. कुशीतून आडवं जाणाऱ्या वाटेवर तर बूट जणू याच डोंगरासाठी शिवलेले होते. गुडघा होता, पण गप्प होता. वरून मोहाच्या फुलांच्या टोपल्या घेऊन दोन बाया उतरत होत्या, त्या थांबल्या, त्याच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाल्या, साहेब, लय दिसांनी. तो हसला. ही माणसं आपल्याला अजून ओळखतात, हे सावळीला सांगायला तो वळला, तर वाटेवर सावळी नव्हती. ती खाली, वळणाच्या पलीकडे, एका आसाण्याच्या झाडाखाली दगडावर बसली होती. उजवा पाय समोर सरळ. हातातली नारळाची आणि लुगड्याची पिशवी तिनं मांडीवर घेतली होती. तो बघतो आहे हे तिला दिसलं. ती उठायला गेली, अर्धी उठली आणि पुन्हा बसली.

तिनं हात हलवून त्याला पुढे जायची खूण केली. तो खाली उतरून तिच्याजवळ आला.

"तुमी व्हा पुढं," ती म्हणाली. "मी येते सावकास."

"सावळे, मला ठाऊक आहे गुडघ्याचं."

"कुनाच्या?"

"तुझ्या."

तिनं पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. मग विचारलं, "कवापासून?"

हा प्रश्न आपण तिला विचारायचा आहे, असं धरून तो महिनाभर चालला होता. तो आपल्यालाच विचारला जाईल याची त्यानं तयारी केली नव्हती. तो म्हणाला, महिना होऊन गेला. शोकसभेच्या दिवशी. मी दारात होतो. सावळीनं त्याच्या बुटांकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग आला नाही. ती काहीतरी जुळवत होती.

"म्हनून खोकत होता काय?"

त्यानं मान हलवली.

"मना वाटलं तुमच्या छातीत काय झालं," सावळी म्हणाली. "रंजिताला फोन केला होता मी. शिमगा झाला का मोठ्या डॉक्टरला दाखवू म्हनली ती."

तो शेजारच्या दगडावर बसला. झाडावर कुठलंतरी पाखरू एकच सूर लावून बसलं होतं. तू मला का नाही सांगितलंस, असं त्यानं विचारलं. विचारताना त्याला आपला आवाज ऑफिसातला वाटला, अर्ज वेळेत का दिला नाही असं विचारणारा. सावळीनं गुडघ्यावर तळवा ठेवला, दुसऱ्याच्या पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा, आणि म्हणाली, "तुमचं होतं ना. एक मानूस पाय धरून बसलेलं घरात. दुसऱ्यानं बसून कसं भागंल?"

त्यानं वाकून बुटाची नाडी सोडली. एक बूट काढून तिच्यासमोर ठेवला. हे घाल, म्हणाला. मी अनवाणी चढतो. सावळीनं बूट हातात घेतला, आत हात घालून पाहिला, उलटा करून तळाची उंच कड अंगठ्यानं चाचपली. एवढ्या दिवसांत तिनं तो रोज पुसला होता, पण असा पाहिला नव्हता. मग त्याच्या पायाशी ठेवला. "तुमच्या मापाचा हाय तो," ती म्हणाली. "मना लागायचा नाय आन तुमचा पाय जायाचा. घाला." त्यानं घातला. नाडी बांधायला त्याला वेळ लागला. सावळीनं पिशवी त्याच्या हातात दिली. नारळ दोन आहेत, एक देवापुढचा, एक चुलीपुढचा, लुगडं आयेला आहे, असं बजावून सांगितलं. घरातलं एक माणूस तरी पोचलं पाहिजे. मी इथंच बसते, म्हणाली.

तो एकटा वर गेला. आता तो तितकाच सहज चढत होता, आणि ते त्याला नको होतं. कुठेतरी दुखावं, निदान दम लागावा, असं त्याला वाटत होतं. बूट आपलं काम चोख करत होते. कमळूच्या अंगणात मांडव होता, घराला नवा निळा रंग होता, माणसं जमली होती. कमळू धावत आला, त्यानं भगीरथच्या मागे पाहिलं आणि विचारलं, ताई? भगीरथचं तोंड उघडलं आणि चार वर्षांच्या सवयीनं जुनं वाक्य बाहेर पडलं, "गुडघा दुखतोय." दोन माणसं त्याच्या पायांकडे बघू लागली. "तिचा," तो म्हणाला. "सावळीचा. खाली बसली आहे. चढवत नाही तिला." सावळीची आई, जनाबाई, ओटीवर भिंतीला टेकून बसली होती. ऐंशीच्या घरातली बाई, पायात कधी काही घातलं नव्हतं, टाचा जमिनीसारख्याच भेगाळलेल्या. तिनं त्याला जवळ बोलावलं आणि पुन्हा विचारलं, तुमचा का तिचा. तिचा, असं तो मोठ्यानं म्हणाला, कारण म्हातारीला कमी ऐकू येत होतं. सगळ्या मांडवाला ते ऐकू गेलं. जनाबाई घाई न करता बोलली, "दोन हंडे डोक्यावं, एक कमरेवं. बारा वर्साची असल्यापासून. दिसाला चार खेपा. आमच्या सगल्यांचंच पाय गेलं त्या वाटेत." मग तिनं लुगडं हातात घेऊन उजेडात धरून पाहिलं.

कमळूनं त्याला घर दाखवलं. भगीरथ बघत होता आणि बरं आहे, छान आहे म्हणत होता. त्याच्या डोक्यात दुसरंच काही चाललं होतं. आपण इथं ग्रामसेवक म्हणून महिन्यातून दोनदा, फार तर तीनदा यायचो. यायचो, ओटीवर बसायचो, पाणी प्यायचो. तो झरा आपण कधी पाहिलाच नाही. कुठे आहे तो, असं त्यानं कमळूला विचारलं. कमळूनं हातानं खाली दाखवलं. खूप खाली होता. गर्द झाडी आणि तिच्यात एक काळा ठिपका. आता तिथं कुणी जात नाही, विहीर झाली, कमळू म्हणाला. भगीरथ तिथं उभा राहून त्या ठिपक्यापासून अंगणापर्यंतची चढण नजरेनं चढला. अर्ध्यावर नजर हटली. अकरा वर्षं, असं तो लोकांना सांगत आला होता, आणि लोक मान हलवत आले होते.

जेवणं व्हायच्या आधीच तो आणि कमळू पळसाच्या पानात बांधून घेतलेला भात, वालाची उसळ आणि गूळ घेऊन खाली आले. सावळी झाडाला टेकून बसली होती. येणाऱ्याजाणाऱ्या बायांनी तिला घेरलं होतं आणि ती हसून बोलत होती, माहेरच्या बोलीत, भरभर. भगीरथला पाहून ती थोडी गप्प झाली. कमळू तिच्यावर रागावला. सांगायला काय झालं होतं, डोली केली असती, चार माणसं खांद्यावर घेऊन गेली असती. डोलीत मी अजून बसत नाय, सावळी म्हणाली, बसेन तवा माजं मना कळायचं नाय. बाया हसल्या. तिनं तिथंच पानावर जेवून घेतलं. उतरताना ती भगीरथच्या खांद्याला धरून उतरली. भार देताना आधी ती कचरत होती. मग वाट घसरडी झाली तसा तिनं सगळा भार दिला. तो त्याच्या अंदाजापेक्षा जास्त होता. एसटीत ती त्याच्या शेजारी पाय लांब करून बसली आणि सरळगाव यायच्या आत तिला झोप लागली.

शिमग्यानंतरच्या सोमवारी त्यानं अर्धी रजा टाकली आणि तिला त्याच डॉक्टरकडे नेलं. तिनं नवं पातळ नेसलं होतं. दवाखान्यात बाकावर माणसं होती. त्यांच्यासमोर ती एकदा पुन्हा जुन्या सवयीनं ताठ चालली, आणि नाव पुकारल्यावर उठताना तिला त्याचा हात धरावा लागला. फोटो काढून झाला. डॉक्टरांनी तो दिव्यावर लावला. भगीरथला आपल्या फोटोतली दोन हाडांमधली फट आठवत होती, अरुंद असली तरी दिसणारी. इथं आतल्या बाजूला फट नव्हती. हाड हाडावर टेकलं होतं. डॉक्टर म्हणाले, दोन्ही गुडघे झिजले आहेत, उजवा जास्त. बूट करून देतो, थोडा आराम पडेल, पण तुमच्याइतका नाही पडायचा. वर्षा-दोन वर्षांत शस्त्रक्रियेचं बघावं लागेल. चार-पाच वर्षांपूर्वी आला असतात तर बुटांवर पुष्कळ काळ निभावलं असतं. हे ते भगीरथकडे बघून बोलत होते. भगीरथ ऐकत होता. त्यातलं प्रत्येक वाक्य त्याच्या आत पोचत होतं आणि आवाज न करता खाली बसत होतं. सावळी भिंतीवरचं पायाच्या हाडांचं चित्र बघत होती.

डॉक्टरांनी कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि त्यालाच विचारलं, "यांचं दुखणं सुरू कधी झालं?"

"मला माहीत नाही," भगीरथ म्हणाला. "त्यांना विचारा."

डॉक्टर खुर्चीत वळले. सावळीला आपल्याला विचारलं आहे हे कळायला थोडा वेळ लागला. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे, आणि विचारलं, सगळं सांगू का. सांगा की, डॉक्टर म्हणाले. ती हळू सुरुवात करून बोलू लागली. रंजिता दहावीला होती तेव्हा पहिल्यांदा, पाट्या-वरवंट्याशी बसली असताना आत काहीतरी कडकन वाजलं होतं. भगीरथनं मनात हिशेब केला नाही, तो आपोआप झाला. पंधरा वर्षं. मग ती म्हणाली की थंडीत कसं होतं आणि गादीवर कूस बदलताना कसं होतं. दुखणं दोन प्रकारचं असतं, एक उठताना येतं आणि एक बसल्यावर येतं, आणि दुसरं जास्त वाईट, कारण त्याला काही कारण नसतं. देवळाच्या पायऱ्या ती कुठल्या पायानं चढायची आणि कुठल्यानं उतरायची. दळण आणताना ती डबा कुठल्या बाजूला घ्यायची. तिचा आवाज मोठा झाला होता. डॉक्टरांनी दोन ओळी लिहिल्या होत्या आणि पेन थांबलं होतं, पण त्यांनी तिला थांबवलं नाही. दाराशी पुढच्या नंबराचा माणूस डोकावला, घड्याळाकडे बघून परत डोकावला. सावळी सांगत होती की एकदा न्हाणीत ती खाली बसली आणि अर्धा तास उठता आलं नाही, आणि बाहेर यांचा रेडिओ चालू होता.

भगीरथ उठला. त्यानं त्या माणसाला बाहेर थांबायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं.